फाटकापासून पोर्चपर्यंत तीन मीटर : प्रवेश-उताराच्या सवलतीच्या प्रकल्प नोंदी, नागपूर

१० जून २०२४

प्रतापनगर भागातील दीडशे चौरस मीटरच्या भूखंडावर १९८७ साली बांधलेल्या घराला पहिला मजला चढवण्याचा नकाशा आपण गेल्या महिन्यात दाखल केला होता. त्यावर आज त्रुटी पत्र आले. आखीव पत्रिका, मोजणीची क प्रत, समासातील अंतरे, चटई क्षेत्र या कशावरही हरकत नाही. हरकत एकच आहे आणि ती नेमकी आपण गृहीत धरलेल्या जागी आहे : रस्त्यापासून पोर्चमधील वाहनतळापर्यंतचा उतार १:८ (आठ मीटर लांबीत एक मीटर उतरणे) पेक्षा तीव्र आहे, त्यामुळे नकाशात दाखवलेली चारचाकीची जागा वापरण्यायोग्य मानता येत नाही.

पत्रातील दोष मान्य करावा लागेल. नकाशा काढताना रस्ता आणि पोर्च यांच्या पातळ्यांतील फरक आपण अंदाजाने ‘सुमारे एक फूट’ लिहिला होता. पुढील कोणतेही पत्र तलमापन, म्हणजे पातळ्यांची मोजणी, केल्याशिवाय जाणार नाही.

१२ जून २०२४

ऑटो लेव्हल (पातळी मोजण्याची दुर्बीण) घेऊन सकाळी साडेसहाला जागेवर गेलो, कारण नंतर उन्हाने काँक्रीटवरची हवा थरथरते आणि स्टाफवरचे, म्हणजे मापाच्या उभ्या पट्टीवरचे, आकडे नाचू लागतात. फाटकासमोरील गट्टूंच्या (सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) पट्टीची पातळी संदर्भ म्हणून १००.००० मीटर धरली. पोर्चची फरशी ९९.५२० निघाली. फरक एक फूट नसून ४८० मिमी, म्हणजे एक फूट सात इंच आहे. कुंपणभिंतीच्या आतल्या बाजूपासून पोर्चच्या फरशीपर्यंत मोकळे अंतर ३.०० मीटर आहे. आहे तसा उतार बांधला तर तो १:६.२५ होईल, १:८ ने उतरायचे तर ३.८४ मीटर लागतील.

घर बांधले तेव्हा पोर्च रस्त्यापेक्षा चार इंच उंच होता, असे या घरातल्या काकू ठामपणे सांगतात. म्हणजे रस्ता सुमारे ५८० मिमी वर आला आहे. डांबराचे थर वर्षानुवर्षे एकावर एक चढत गेले आणि शेवटी, जुने डांबर न खरवडताच, त्यावर सिमेंटचा रस्ता झाला. नागपुरातील कित्येक जुन्या ले-आऊटांमध्ये घरे अशीच न हलता खाली गेली आहेत.

१३ जून २०२४

रस्त्याच्या कामातील जुन्या आणि नव्या पातळ्यांची प्रत मिळावी म्हणून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज दाखल केला. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ‘रस्ता वर आला’ हे काकूंचे म्हणणे म्हणून नव्हे, तर रस्ता करणाऱ्यांच्याच कागदावरून सिद्ध झाले पाहिजे. काकूंनाही जुना मंजूर नकाशा शोधायला सांगितले आहे.

१४ जून २०२४

जागेवर आखणी चालू असताना शेजारचे काका फाटकाशी येऊन उभे राहिले. “काऊन एवढा खटाटोप करता जी? दोन फूट बाहेर ढकला न रॅम्प. सारेच तर करून राहिले.” त्यांचे म्हणणे निरीक्षण म्हणून खरे आहे. या गल्लीत आमच्या बाजूच्या अकरा घरांपैकी सात घरांचे उतार कुंपणाबाहेर आलेले मी मोजले.

तरीही तो मार्ग घ्यायचा नाही, हे आजच लिहून ठेवतो. फाटकाबाहेरील दीड मीटरची गट्टूंची पट्टी म्हणजे झाकलेल्या पावसाळी नालीचे छत आहे आणि तीच चालण्याची वाटही आहे. पादचारी मार्गासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी १०३’मध्ये किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलेली असताना ही पट्टी मुळातच अपुरी आहे, आणि तिच्यावर आणखी एक तिरपा काँक्रीटचा ढिगारा आला की म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर उतरूनच चालावे लागते. शिवाय उताराखाली दबलेल्या ढाप्या, म्हणजे नालीची झाकणे, उचलता येत नाहीत, नाली साफ होत नाही आणि अतिक्रमणाची कारवाई आली की पहिला घाव त्याच उतारावर बसतो. मंजुरीच्या नकाशात तर असा उतार दाखवताच येत नाही.

१८ जून २०२४

आजचा दिवस आकडेमोडीत गेला. पोर्चची फरशी १०५ मिमी उचलली तर फरक ३७५ मिमी राहील आणि ३.०० मीटरमध्ये १:८ अचूक बसेल. पण पोर्चच्या तुळईखाली आज २.४५ मीटर उंची आहे आणि वाहनतळाला २.४० मीटर मोकळी उंची लागते. म्हणजे फरशी ५० मिमीच उचलता येते. तेवढी उचलली की फरक ४३० मिमी होतो आणि ३.०० मीटर लांबीत उतार १:६.९८, म्हणजे व्यवहारात १:७ पडतो. १:८ साठी ३.४४ मीटर लागतील. आपल्याकडे ४४ सेंटिमीटर कमी आहेत, आणि संपूर्ण प्रकरण आता या ४४ सेंटिमीटरचे आहे.

पोर्चचे छत पाडून उंच करणे शक्य आहे, परंतु त्यावरच पहिल्या मजल्याचा जिना येतो आणि जुन्या तुळया सुट्या करताना मूळ खोलीची भिंतही धरावी लागेल. हा पर्याय खर्चाच्या तक्त्यासह प्रस्तावात जोडायचा आहे, म्हणजे ‘तुम्ही विचारच केला नाही’ असे कोणी म्हणणार नाही.

२१ जून २०२४

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतील स्वेच्छाधिकाराचा भाग आज पुन्हा सावकाश वाचला. त्याचा आशय असा की एखाद्या विशिष्ट प्रकरणात स्पष्टपणे दाखवता येण्याजोगी अडचण असेल तर प्राधिकरण, कारणे लेखी नोंदवून, विशेष परवानगीने एखाद्या विहित मापात बदल मान्य करू शकते. मात्र त्यामुळे आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती आणि रहिवाशांची व आसपासच्या लोकांची सुरक्षितता यांना बाध येता कामा नये. त्यापुढचे वाक्य अधिक महत्त्वाचे आहे : रस्त्याच्या हद्दीपासून सोडायचे अंतर, चटई क्षेत्र निर्देशांक आणि वाहनतळाची आवश्यकता यांत अशी सवलत मिळत नाही.

आपल्या अर्जाचा मसुदा या वाक्यावर आपटून फुटला असता. सहायकाने तयार केलेल्या पहिल्या मसुद्यात ‘वाहनतळाच्या अटीतून सूट मिळावी’ असे लिहिले होते, आणि हीच गोष्ट मागितली असता अर्ज टेबलावरच नाकारला गेला असता. आपल्याला वाहनतळ हवाच आहे, २.५ × ५ मीटरची जागा आपण देतच आहोत. आपण मागतो आहोत फक्त एका मापातील बदल : उतार १:८ ऐवजी १:७, तोही संपूर्णपणे कुंपणाच्या आत. अर्जाचा विषय या एका ओळीपेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही.

१:८ हे माप नियमात तळघरातील व वरच्या मजल्यांवरील वाहनतळाकडे जाणाऱ्या उतारांच्या संदर्भात येते, आपला उतार दीड फुटाचाही नाही, हा मुद्दा मांडता येईल. पण तो मुख्य मुद्दा करायचा नाही. ‘नियम आम्हाला लागूच नाही’ आणि ‘नियमातून सवलत द्या’ ही दोन वाक्ये एका अर्जात शेजारी बसली की दोन्ही दुबळी होतात. त्याचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात, एका वाक्यात करू.

२७ जून २०२४

फाटक भूखंडाच्या दुसऱ्या टोकाला का नेत नाही, हा प्रश्न हमखास येणार, म्हणून तिकडची पातळी आज घेतली. रस्ता त्या बाजूला उतरत असल्यामुळे तिथे गट्टू ४५ मिमीने खाली आहेत. फरक ३८५ मिमी, उतार १:७.८. म्हणजे तिथेही १:८ बसत नाहीच. वर तिथे पोर्च नाही, झोपण्याची खोली आहे आणि नेमका फाटकाच्या जागी कडुनिंब उभा आहे. काकूंनी तो घर बांधल्यावर लावला, त्यामुळे पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या झाडांना वृक्ष संरक्षण कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने दिलेला वारसा वृक्षाचा दर्जा त्याला नाही. पण तोडायचा तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेल आणि ती मागण्याचे नैतिक बळ आपल्याजवळ नाही. झाडाचा घेर व छायाचित्र प्रस्तावात जोडले.

१ जुलै २०२४

दाखल करण्याआधी रेखाचित्र शेवटचे तपासताना माझीच चूक सापडली. फाटकाच्या आत रस्त्याचे पाणी अडवण्यासाठी मी २०० मिमी रुंदीची लोखंडी जाळी दाखवली होती आणि ती सपाट काढली होती. सपाट जाळीने उताराची २० सेंटिमीटर लांबी खाल्ली, उरलेल्या २.८० मीटरमध्ये उतार १:६.५ झाला होता. रेखाचित्रात १:७ लिहिलेले आणि मापे १:६.५ सांगणारी, असा कागद गेला असता तर पुढे आपल्या कोणत्याही आकड्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

उपाय पोर्चमध्येच मिळाला. पोर्चच्या छताची खोली ५.०० मीटर आहे, पण त्याखालची फरशी २० सेंटिमीटर पुढे आली आहे. तेवढी फरशी फोडून उतार तिथपर्यंत नेला तर गाडीसाठी ५.०० मीटर शिल्लक राहतात, छताखालची उंचीही बिघडत नाही आणि उताराची लांबी पुन्हा ३.०० मीटर होते. आता मात्र या जागेत कुठेही एक बोटभर सैलपणा उरलेला नाही.

३ जुलै २०२४

प्रस्ताव दाखल केला. सोबत तलमापनाचा तक्ता, दोन्ही टोकांचे छेद, पोर्च उंच करण्याचा खर्च, झाडाचे छायाचित्र आणि पायी जाण्याच्या वाटेचे रेखाचित्र जोडले आहे.

पायवाटेबद्दल थोडे लिहून ठेवतो. घरातल्या काकांना (काकूंच्या यजमानांना) गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकर लागतो आणि पुढे चाकाची खुर्चीही लागू शकते. अशा माणसाला १:७ चा उतार म्हणजे घसरगुंडी. त्यासाठी १:१२ हवा, म्हणजे ४३० मिमीला ५.१६ मीटर लांबी. समोरासमोर ती बसत नाही, पण कुंपणभिंतीला समांतर नेली तर बसते : गाडीचा उतार आणि त्याची कड सोडून समोरच्या अंगणात ६.६२ मीटर मिळतात, ५.१६ मीटर वाटेला गेल्यावर लहान फाटकाशी थांबायला १.४६ मीटर उरतात. पायी जाणारा आणि गाडी एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. सुरक्षिततेला बाध येत नाही हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवता आले नसते.

११ जुलै २०२४

माहितीच्या अधिकाराचे उत्तर मुदतीत आले. जुन्या डांबराचा माथा आणि सिमेंट रस्त्याचा माथा दोन्ही आडव्या छेदात आहेत. प्रत पुरवणी म्हणून जोडली.

२० जुलै २०२४

पहाटेपासून शहरात जोरदार पाऊस. रेनकोट चढवून नऊच्या सुमारास जागेवर गेलो, कारण असा दिवस तपासणीसाठी मागून मिळत नाही. रस्त्याच्या कडेचे पाणी गट्टूंवरून सरळ फाटकाकडे वळत होते आणि तात्पुरत्या मातीच्या उतारावरून पोर्चमध्ये शिरत होते. काकूंनी उंबऱ्याशी पोत्यात वाळू भरून ठेवली होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हापासून ती पोती या घरातून हललेली नाहीत, जरी हे घर नदीपासून बरेच दूर आहे.

नालीची ढापी उचलून पाहिली. नालीचा तळ गट्टूंपासून ९०० मिमी खाली आहे. पाणी ढापीपासून जेमतेम ३०० मिमीवर वाहत होते. माझ्या रेखाचित्रात उताराच्या पायथ्याशी असलेली दुसरी जाळी नालीला जोडली होती आणि तिचा तळ गट्टूंपासून ६८० मिमी खाली येतो. म्हणजे आजच्यासारख्या पावसात पाणी बाहेर जाण्याऐवजी नालीतूनच पोर्चमध्ये आले असते. कागदावर उतार बरोबर होता, पण नाली कायम रिकामी असेल हे गृहीतक चुकीचे होते.

दुरुस्ती अशी : वरच्या जाळीचे पाणी नालीला, कारण ती उंचावर आहे. उतारावर प्रत्यक्ष पडणारे पाणी वेगळे. नऊ चौरस मीटरवर ५० मिमी पाऊस म्हणजे ४५० लिटर. त्यासाठी पायथ्याशी ५०० लिटरची टाकी आणि तरंगत्या खटक्यावर चालणारा लहान पंप, पंपाच्या नळीला उलट न उघडणारी झडप. शोषखड्डा करावा असे सहायकाचे मत होते, परंतु या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी मुरत नाही, उभे राहते. सुधारित रेखाचित्र सोमवारी दाखल करू.

६ ऑगस्ट २०२४

कनिष्ठ अभियंत्यांची स्थळपाहणी झाली. त्यांनी स्वतः फीत धरली, ही समाधानाची गोष्ट. त्यांचा खरा प्रश्न एकच होता : वरच्या काठावर गाडीचे पोट घासणार नाही का?

त्याचे उत्तर आपण काढून ठेवले होते. दोन चाकांत २.४ मीटर अंतर असलेल्या गाडीचा मध्य बरोबर काठावर आला, तर मागची चाके सपाटीवर आणि पुढची १.२ मीटर पुढे, १७१ मिमी खाली असतात. दोन्ही चाकांच्या टेकण्याच्या जागा जोडणारी रेघ मध्यावर काठापेक्षा ८६ मिमी खाली जाते. गाडीचे पोट जमिनीपासून १६५ मिमीवर आहे. चार माणसे बसून ते चाळीस मिमी दबले तरी चाळीसच्या आसपास मोकळीक उरते. त्यांनी रेखाचित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने हा हिशेब स्वतः पुन्हा केला आणि मग छायाचित्रे घेतली.

२२ ऑगस्ट २०२४

कार्यालयात बोलावणे होते. विचारणा अशी की अडचण मालकाने स्वतःच निर्माण केलेली नाही, याला पुरावा काय. रस्त्याचे छेद पुढे केले. पण त्या दिवशी खरे काम केले ते काकूंनी लोखंडी ट्रंकेतून काढलेल्या १९८७ च्या मंजूर नकाशाने. अमोनिया प्रिंटचा तो जांभळट कागद घड्यांवर इतका विरला होता की काकूंनी तो उशीच्या अभ्र्यात घालून दिला होता. छेदात रस्त्याची रेघ, त्यावर पोर्चची रेघ आणि दोहोंमध्ये हाताने लिहिलेले चार इंच. अधिकाऱ्यांनी नकाशावरचा शिक्का वाचण्यासाठी तो खिडकीकडे धरला आणि त्यानंतर त्या मुद्द्यावर काही विचारले नाही.

४ सप्टेंबर २०२४

पोळा आणि काल तान्हा पोळा, त्यात बडग्या-मारबतीची मिरवणूक. दोन दिवस कोणतेच काम पुढे सरकले नाही. आज काकूंचा फोन आला. “साठ दिवस होऊन गेले, आता आपोआप मंजूर झालं ना रे?”

कोणीतरी त्यांना महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ४५ अर्धवट सांगितले आहे. साठ दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते हे खरे, पण ते नियमांत बसणाऱ्या प्रस्तावापुरते. आपला प्रस्तावच एका मापात नियमाबाहेर आहे आणि म्हणून आपण विशेष परवानगी मागितली आहे. ती गप्प बसण्यातून मिळत नाही, कारणे लिहूनच द्यावी लागते. मानीव मंजुरीच्या भरवशावर खोदायला सुरुवात केली असती तर आपणच आपले बांधकाम अनधिकृत ठरवले असते. नकार आलाच तर तो कळल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येते. काकूंना हे सगळे समजावून सांगितले. त्यांनी “बरं, थांबते” म्हणून फोन ठेवला.

१२ सप्टेंबर २०२४

विशेष परवानगीचे पत्र मिळाले. उतार १:७ मान्य. कारणांत रस्त्याच्या पातळीतील वाढ, पोर्चच्या उंचीची मर्यादा आणि दुसऱ्या टोकाची तपासणी ही तिन्ही नोंदली आहेत. अटी चार : उताराचा कोणताही भाग कुंपणाबाहेर जाणार नाही, पृष्ठभाग खरबरीत असेल, फाटक आत उघडेल किंवा सरकते असेल, पायवाट व पाण्याची व्यवस्था रेखाचित्राप्रमाणेच होईल. डिमांडची, म्हणजे मागणीपत्रातील शुल्काची, रक्कम काकूंच्या मुलाने त्याच दिवशी भरली.

२३ सप्टेंबर २०२४

गणपती गेल्यावर खोदकाम सुरू केले. काळी माती ३०० मिमी खोलीपर्यंत पूर्ण काढली, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरचे काँक्रीट उचलून टाकते. मुरूम दोन थरांत पसरून, पाणी मारून धुम्मस केला. कंत्राटदार एकाच थरात उरकण्याच्या बेतात होता. त्याला थांबवून पहिला थर पुन्हा कुटून घेतला.

३० सप्टेंबर २०२४

उताराचे काँक्रीट टाकले, जाडी १२५ मिमी, आत जाळी. काँक्रीट ओले असतानाच दर १०० मिमीवर पाइपने आडव्या चिरा दाबल्या. मिस्त्रीने वरच्या काठाशी सवयीने थोडा उंचवटा ठेवला होता, ‘पाणी अडते’ म्हणून. स्टाफ धरला तर १५ मिमी जास्त निघाले. तेवढ्याने उतार १:६.७ झाला असता. पाटा मारून उतरवला. पाणी अडवायला जाळी आहे.

१४ ऑक्टोबर २०२४

चौदा दिवस पाणी मारून झाल्यावर आज गाडी उतरवली. वरच्या काठावर खडूची ओली पूड फासली, गाडीत चार जण बसवले आणि मुलाला पहिल्या गियरमध्ये सावकाश आत घ्यायला सांगितले. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. गाडीखाली आरसा धरून पाहिले; पोटाला कुठेही पांढरे लागलेले नव्हते. काका वॉकर घेऊन पायवाटेने लहान फाटकापर्यंत चढून आले आणि मधे एकदा कठड्याला धरून थांबले.

लेव्हल अजून उभीच होती. शेजारचे काका म्हणाले, “आता आमच्याही फाटकाशी धरून पाहा न जी.” धरली. ५१० मिमी.